अमेरिकन बिझनेसचा इतिहास आणि तिथले शब्द: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात रात्रपाळीला अमेरिकन क्लायंटची अकाउंट्स बघते, बारा-तेरा वर्षं झाली आता. नवीन पोरं जॉइन झाली की पहिल्या महिन्यात तेच तेच प्रश्न येतात, ताई चॅप्टर इलेव्हन म्हणजे काय, ताई ही सगळी कंपन्यांची मंडळी डेलावेअरला का राहतात वगैरे. शब्दाचा अर्थ गूगल करून मिळतो हो, पण दुसऱ्या दिवशी डोक्यातून जातो. माझा अनुभव असा की यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी भांडणातून नाहीतर लबाडीतून निघालाय आणि ते भांडण एकदा कळलं की शब्द पाठ करावा लागत नाही. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलंय. क्रम वगैरे काही नाही, जसे प्रश्न आले तसे.

अँटीट्रस्ट म्हणजे विश्वासाच्या विरुद्ध? आणि ट्रस्ट तर चांगलाच असतो ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि चूक विचारणाऱ्याची नाही. आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा, धर्मादाय आयुक्त हेच डोळ्यासमोर येतं. अमेरिकेत १८८० नंतर या शब्दाचा अर्थ झाला धंद्यातली दादागिरी.

झालं असं की जॉन डी. रॉकफेलरने १८७० मध्ये ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला स्टँडर्ड ऑइल नावाची कंपनी काढली. धंदा कच्चं तेल शुद्ध करून दिव्याचं तेल विकायचा, मोटारी यायच्या होत्या अजून. तेल घरोघरचं सारखंच, मग फरक कुठे पाडायचा, तर वाहतुकीत. हा रेल्वेवाल्यांना म्हणायचा मी रोज एवढे डबे भरून माल देतो, मला भाड्यात सूट द्या, आणि ती सूट गुपचूप, छापील दर सगळ्यांना एकच. १८७२ च्या सुरुवातीला तर त्याने आणि रेल्वेवाल्यांनी मिळून असा बेत केला होता की नुसती स्वतःच्या भाड्यात सूट नाही, तर प्रतिस्पर्धी जे भाडं भरतील त्यातलाही वाटा याला मिळणार. म्हणजे शेजारच्या दुकानदाराने टेम्पोला पैसे दिले की त्यातले काही तुमच्या गल्ल्यात! बेत फुटला, तेलवाले रस्त्यावर उतरले, योजना बारगळली, पण तोवर घाबरून क्लीव्हलंडमधल्या २६ पैकी २२ रिफायनऱ्या काही आठवड्यांत रॉकफेलरला विकल्या गेल्या होत्या.

आता अडचण कायद्याची. तेव्हा एका राज्यातल्या कंपनीला दुसऱ्या राज्यातल्या कंपनीचे शेअर्स सहजासहजी घेता येत नसत. मग त्याच्या वकिलाने १८८२ मध्ये डोकं लढवलं. सगळ्या कंपन्यांच्या मालकांनी आपापले शेअर्स ९ विश्वस्तांच्या हवाली करायचे, बदल्यात एक सर्टिफिकेट घ्यायचं आणि नफ्याचा वाटा घेत गप्प बसायचं. कागदावर कंपन्या वेगळ्या, चालवणारे हात तेच नऊ. हाच तो ट्रस्ट. मग साखरवाल्यांनी, व्हिस्कीवाल्यांनी, शिसेवाल्यांनी, सगळ्यांनीच हा मार्ग धरला आणि लोक कुठल्याही मक्तेदारीला ट्रस्ट म्हणायला लागले. त्याच्या विरोधातला कायदा तो अँटीट्रस्ट. पहिला १८९० चा, शर्मन कायदा, गंमत म्हणजे शर्मन हे सिनेटर पण ओहायोचेच.

कायदा आला म्हणून लगेच काही झालं नाही (कायद्याचं असंच असतं, तिकडेही). ट्रस्ट मोडायला सांगितला तर यांनी १८९९ मध्ये न्यू जर्सीत होल्डिंग कंपनी केली. मग १९०२ पासून आयडा टारबेल नावाच्या पत्रकार बाईंनी मॅक्ल्युअर्स मासिकात लेखमाला लिहून सगळे व्यवहार कागदपत्रांसकट चव्हाट्यावर आणले. बाईंचे वडील पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात छोटे धंदेवाले होते, रॉकफेलरच्या त्या १८७२ च्या दणक्यात त्यांच्यासारखे लोक कसे भरडले गेले ते तिने लहानपणी बघितलेलं. शेवटी १९११ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे केले. आणि रॉकफेलरचं काय झालं? त्याच्याकडे सगळ्याच तुकड्यांचे शेअर्स होते, ते पुढे वाढले आणि तो आधीपेक्षाही श्रीमंत झाला. घ्या.

ते ३४ तुकडे आज कुठे आहेत?

बरेचसे एकमेकांत मिसळले. न्यू जर्सीचा तुकडा म्हणजे एक्सॉन, न्यूयॉर्कचा मोबिल, कॅलिफोर्नियाचा शेव्हरॉन. एक्सॉन आणि मोबिल १९९९ मध्ये परत एक झाले, म्हणजे कोर्टाने ८८ वर्षांपूर्वी फाडलेलं शिवून घेतलं.

आणि एक तुकडा आपल्याकडे पण आलाय. जुन्या लोकांना एस्सोचे पेट्रोल पंप आठवतील. एस्सो म्हणजे एस आणि ओ, स्टँडर्ड ऑइलची आद्याक्षरं! १९७४ मध्ये सरकारने एस्सोचा भारतातला धंदा ताब्यात घेतला त्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम झाली. मुंबईत माहुलची जी एचपीची रिफायनरी आहे ती मुळात याच घराण्यातली, १९५४ ची.

अजून एक, मला फार आवडतं ते. आपण रॉकेल म्हणतो ना, ते रॉकफेलरवरून नाही, खूप जणांना तसं वाटतं. रॉक ऑइल, दगडातलं तेल, त्याचं रॉकेल झालं. आणि घासलेट म्हणजे गॅस लाइट. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहताना आपण अमेरिकन बिझनेस हिस्टरीच बोलत होतो की.

होल्डिंग कंपनी वेगळी आणि ट्रस्ट वेगळा का?

काम एकच, कपडे वेगळे. होल्डिंग कंपनी स्वतः काही बनवत नाही, फक्त इतर कंपन्यांचे शेअर्स बाळगून बसते. न्यू जर्सीने १८८९ च्या आसपास कायदा बदलून हे उघड उघड कायदेशीर केलं, कारण राज्याला फी मिळत होती. आज गूगलच्या वर अल्फाबेट आहे ती हीच कल्पना.

वॉटर्ड स्टॉक म्हणजे? शेअरमध्ये पाणी?

हो, अक्षरशः पाणी. डॅनियल ड्रू नावाचा माणूस आधी गुरांचा व्यापारी होता. त्याच्याबद्दल अशी दंतकथा सांगतात की तो बाजाराच्या आदल्या रात्री जनावरांना मीठ चाटायला द्यायचा, पाणी द्यायचा नाही, आणि सकाळी काट्यावर चढवायच्या आधी पोट फुटेस्तोवर पाणी पाजायचा. वजन वाढलं, भाव वाढला, गिऱ्हाईक मात्र पाण्याचे पैसे देऊन घरी. आपल्याकडे दुधात पाणी घालतात, याने गाईतच घातलं.

हाच ड्रू पुढे एरी रेल्वेच्या संचालक मंडळावर गेला. १८६८ मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, जो सोळाव्या वर्षी होडी चालवून धंद्यात आलेला आणि आता रेल्वेचा राजा होता, तो एरी ताब्यात घ्यायला बाजारातून शेअर्स उचलायला लागला. तर ड्रू, जे गूल्ड आणि जिम फिस्क या तिघांनी काय केलं, आधी कंपनीचे बाँड काढले जे शेअरमध्ये बदलता येतात, मग ते बदलून नवे शेअर्स छापले आणि बाजारात सोडले. व्हँडरबिल्ट घेतोय, हे छापतायत, तो घेतोय, हे छापतायत. कंपनीत एक रूळ नवीन नाही, एक इंजिन नवीन नाही, फक्त कागद वाढला. त्या कागदाला वॉटर्ड स्टॉक म्हणतात.

व्हँडरबिल्टच्या लक्षात आलं तोवर लाखो डॉलर पाण्यात गेले होते (हा विनोद मुद्दाम नाही केला). त्याने न्यायाधीशाकडून अटकेचे हुकूम काढले, तर ही मंडळी तिजोरीतली रोकड, साठ लाख डॉलरच्या वर, भरून हडसन नदी ओलांडून पलीकडे जर्सी सिटीच्या एका हॉटेलात जाऊन बसली. राज्य बदललं की न्यूयॉर्कचा हुकूम चालत नाही. हॉटेलभोवती पहारा, नदीत पहाऱ्याच्या बोटी. मग गूल्ड पैशांची बॅग घेऊन न्यूयॉर्क राज्याच्या राजधानीत, आल्बनीला गेला, तिथे आमदारांची सोय लावली, आणि छापलेले शेअर्स कायदेशीर ठरवणारा कायदाच मंजूर झाला. हे वाचताना मला काही परकं वाटलं नाही, तुम्हाला वाटलं तर सांगा.

प्रत्येक गोष्टीत रेल्वेच का येते?

कारण त्याआधी अमेरिकेत एवढी मोठी कंपनीच नव्हती. कापडगिरणी मालक एका इमारतीत फिरून बघू शकतो, शेकडो मैल पसरलेली रेल्वे कशी बघणार? १८५५ मध्ये एरी रेल्वेच्याच डॅनियल मॅकॅलम या सुपरिंटेंडंटने कोण कुणाला रिपोर्ट करतो त्याचा तक्ता काढून घेतला, झाडासारखा, मुळाशी बोर्ड आणि फांद्यांवर स्टेशनं आणि माणसं. आज एचआर आपल्याला पाठवतं तो ऑर्ग चार्ट त्याचाच नातू, फक्त आता उलटा झालाय, साहेब वर.

वेळसुद्धा रेल्वेने ठरवली. आधी गावागणिक दुपारचे बारा वेगळे वाजायचे, सूर्य डोक्यावर आला की बारा. १८ नोव्हेंबर १८८३ ला रेल्वे कंपन्यांनी परस्पर टाइम झोन लावून टाकले, सरकारला विचारलं पण नाही, सरकारी कायदा आला १९१८ मध्ये. मुंबईचं पण असंच होतं, देशाची एक वेळ १९०६ मध्ये ठरल्यावरही कित्येक वर्षं मुंबई स्वतःचा वेगळा टाइम धरून होती. तर रात्री अडीचला ईस्टर्न की सेंट्रल यावरून कॉल चुकला की शिव्या कुणाला द्यायच्या ते कळलं असेल.

या सगळ्याचा आपल्या मुंबईशी काही संबंध?

आहे की, आणि चांगला जवळचा. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना जाणारा अमेरिकन कापूस बंद. मग लँकेशायरवाले पळाले मुंबईकडे. कापसाचे भाव असे वाढले की मुंबईत पैसा ठेवायला जागा नाही, त्या पैशातून बँका निघाल्या, फायनान्स कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनचा शेअर मूळ किमतीच्या दहापट वगैरे गेला होता, अजून समुद्र तिथेच होता. या सगळ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद, कापूस आणि शेअर्सचे मोठे दलाल. एप्रिल १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि इथे पत्त्यांचा बंगला खाली आला, बँक ऑफ बाँबेसुद्धा बुडाली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंदशेठनी दिलेल्या देणगीतला, आईचं नाव दिलेला. त्याच्याखालून जाताना आठवत जा की यात थोडा अमेरिकेच्या युद्धाचा कापूस आहे.

आणि शेअर बाजाराची सुरुवात दोन्हीकडे झाडाखाली! न्यूयॉर्कमध्ये १७ मे १७९२ ला वॉल स्ट्रीटवर एका बटनवूडच्या झाडाखाली २४ दलालांनी करार केला, आपसातच व्यवहार करू आणि ठरलेल्या दलालीखाली जायचं नाही. मुंबईत टाऊन हॉलसमोर वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे, त्यांचं मंडळ झालं १८७५ ला, तेच आजचं बीएसई. वडाखाली बसायला पिंपळापेक्षा सावली जास्त, एवढंच माझं मत.

व्हर्टिकल आणि हॉरिझाँटल इंटिग्रेशन, एमबीएच्या पुस्तकात कळलं नाही.

रसवंतीवाला घ्या. त्याने गावातली बाकीची गुऱ्हाळं, रसवंत्या सगळ्या विकत घेतल्या तर ते हॉरिझाँटल, आडवं. रॉकफेलरने आधी तेच केलं. आणि त्याने ऊस लावायला शेत घेतलं, वाहायला ट्रॅक्टर घेतला, बर्फाचा कारखाना घेतला, तर ते व्हर्टिकल, उभं.

उभ्याचा उस्ताद अँड्र्यू कार्नेगी. स्कॉटलंडहून आलेल्या विणकराचा पोरगा, पिट्सबर्गला पोलाद. लोखंडाच्या खाणी, कोळशाचा कोक, जहाजं, रेल्वे, भट्ट्या, सगळं घरचं. खर्चाचा हिशोब इतका बारीक ठेवायचा की टनामागे किती पेनी लागली ते रोज बघायचा, आपण आज ज्याला कॉस्ट शीट म्हणतो. पण त्या पेन्यांत मजुराचा पगार पण येतो. १८९२ मध्ये होमस्टेडच्या कारखान्यात पगारकपातीवरून संप झाला, साहेब स्कॉटलंडला सुट्टीवर, मॅनेजर हेन्री फ्रिकने पिंकर्टन नावाच्या खासगी पहारेकऱ्यांच्या एजन्सीचे ३०० बंदूकधारी नदीतून बार्जवर आणले, दिवसभर गोळीबार, दोन्हीकडची माणसं मेली. युनियन मोडली ती पोलादात कितीतरी वर्षं उभी राहिली नाही. हाच कार्नेगी पुढे जगभर अडीच हजार लायब्रऱ्या बांधतो. दोन्ही खरं आहे, एकाने दुसरं पुसलं जात नाही.

१९०१ मध्ये त्याने सगळं ४८ कोटी डॉलरला जे. पी. मॉर्गन या न्यूयॉर्कच्या बड्या बँकरला विकलं, त्यातून झाली यूएस स्टील, भांडवल १.४ अब्ज डॉलर, जगातली पहिली अब्जाची कंपनी. दुसऱ्याच वर्षी जमशेदजी टाटा पोलादाचे तज्ज्ञ शोधत अमेरिकेत फिरत होते, पिट्सबर्गला ज्युलियन केनेडींना भेटले, न्यूयॉर्कला चार्ल्स पेज पेरिनना, आणि त्या पेरिनसाहेबांच्या कामातूनच पुढे जमशेदपूर उभं राहिलं.

फेडने रेट वाढवला की आपला सेन्सेक्स का पडतो, ते राहू दे, पण फेड आलं कुठून?

फेड म्हणजे तिकडची रिझर्व्ह बँक, पण जन्म १९१३ चा, म्हणजे बराच उशीर. त्याआधी बँक बुडायला लागली की धावायचं कुणाकडे? मॉर्गनकडे. १९०७ ला एक सट्टा फसला, निकरबॉकर ट्रस्ट नावाच्या संस्थेसमोर पैसे काढायला रांगा लागल्या, ती बंद झाली आणि मग सगळीकडेच पळापळ. नोव्हेंबरच्या एका रात्री सत्तर वर्षांच्या मॉर्गनने न्यूयॉर्कच्या सगळ्या मोठ्या बँकर्सना आपल्या घरच्या लायब्ररीत बोलावलं, भिंतींवर उंची चित्रं, टेबलावर कागद, आणि दाराला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात. अडीच कोटी डॉलर उभे करा मग घरी जा. पहाटे पावणेपाचच्या सुमाराला सह्या झाल्या. संकट टळलं खरं, पण लोक म्हणायला लागले की देशाची अर्थव्यवस्था एका म्हाताऱ्याच्या खिशातल्या किल्लीवर चालायची का. त्यातून फेडरल रिझर्व्ह.

फोर्डने मोटारीचा शोध लावला ना?

नाही हो. मोटार जर्मनीत आधी झालेली. फोर्डने स्वस्त केली. १९०८ ला मॉडेल टी ८५० डॉलरला काढली, १९१३ ला डेट्रॉइटजवळ हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती असेंब्ली लाइन लावली, म्हणजे माणूस गाडीकडे जात नाही, गाडी माणसाकडे येते. जी चासी जोडायला साडेबारा तास लागायचे ती दीड तासात. दहा-बारा वर्षांत किंमत तीनशेच्या खाली.

पण काम इतकं कंटाळवाणं, दिवसभर एकच बोल्ट, की लोक टिकेचनात, वर्षाला जागा भरायच्या त्याच्या तीन-चारपट भरती करावी लागायची. तुम्ही अॅट्रिशन अॅट्रिशन म्हणता ना मीटिंगमध्ये, ते इथून. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, तेव्हाच्या दुपटीच्या आसपास. गेटवर हजारोंनी गर्दी, आणि ती हटवायला कडाक्याच्या थंडीत लोकांवर पाण्याचे पाइप सोडले. हे गोष्टीत सांगत नाहीत. आणि पाच डॉलर सरसकट नव्हतेच, कंपनीचा माणूस घरी येऊन बघणार दारू पितोस का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतोस का, मग अर्धे मिळणार. वर्क फ्रॉम होममध्ये कॅमेरा ऑन ठेवायला सांगतात त्याचे पूर्वज म्हणा.

मार्जिन कॉल आणि १९२९?

समजा शेअर १०० डॉलरला आहे. तुम्ही १० घातलेत, ९० दलालाने उधार दिले, शेअर तारण. तो १२० झाला तर तुमच्या १० चे ३०, वा वा. तो ९० झाला तर तुमचे दहाच्या दहा गेले आणि दलालाचा फोन येतो, अजून पैसे भरा नाहीतर विकतो. तो फोन म्हणजे मार्जिन कॉल. आता लाखो लोकांना एकाच दिवशी तो फोन आला की सगळे विकतात, विकल्यामुळे भाव पडतो, भाव पडल्यामुळे अजून फोन.

२८ ऑक्टोबर १९२९, सोमवारी डाऊ जोन्स, म्हणजे तिकडचा सेन्सेक्स, जवळपास १३ टक्के पडला, मंगळवारी अजून १२ टक्के. मंगळवारी एक कोटी ६४ लाख शेअर्स फिरले आणि भाव छापणारी टिकर मशीन काही तास मागे पडली, म्हणजे माणूस हातात पट्टी धरून दुपारचे भाव संध्याकाळी वाचतोय, आपण जिवंत आहोत की संपलो तेच माहीत नाही. मला १९२९ मधलं सगळ्यात भीतिदायक हे वाटतं, खिडकीतून उड्या मारणारे दलाल वगैरे फार रंगवलेलं आहे. ३८१ वर असलेला डाऊ जुलै १९३२ ला ४१ वर आला आणि परत ३८१ बघायला १९५४ उजाडलं. पंचवीस वर्षं! लाँग टर्म होल्ड करा म्हणणाऱ्यांना हा आकडा सांगून बघा.

यातून १९३४ ला एसईसी आली, त्यांची सेबी. पहिले अध्यक्ष जोसेफ केनेडी, राष्ट्राध्यक्ष केनेडींचे वडील, स्वतः पक्के सट्टेबाज. चोराला चोराच्या वाटा ठाऊक, असं रूझवेल्टना वाटलं असावं, आणि काम खरंच चांगलं केलं त्यांनी.

हप्त्याने वस्तू घ्यायची पद्धत अमेरिकन का?

फर्निचर वगैरे आधीही उधारीवर मिळायचं, पण कंपनीने पद्धत म्हणून राबवली ती सिंगरने. १८५० च्या दशकात शिलाई मशीनची किंमत शंभर डॉलरच्या वर, साध्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. सिंगरचा भागीदार वकील एडवर्ड क्लार्क, त्याने १८५६ ला काढलं की पाच डॉलर द्या, मशीन घरी न्या, बाकी महिन्याला थोडे थोडे, आणि मशीननेच शिवून कमवा. आमच्या आजीकडे सिंगर होतं, काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, ते पण हप्त्यावरच घेतलेलं, आणि ती वसुलीला येणाऱ्या माणसाला पाणी द्यायची पण बस म्हणायची नाही.

क्लायंटने चॅप्टर इलेव्हन फाइल केलंय, आपलं काम बंद होणार?

लगेच नाही, घाबरू नका. दिवाळखोरीच्या कायद्यातली प्रकरणं आहेत ही. चॅप्टर सेव्हन म्हणजे दुकान बंद, सामान विका, पैसे वाटा. चॅप्टर इलेव्हन म्हणजे कोर्टाच्या छत्रीखाली धंदा चालू ठेवायचा, ज्यांचे पैसे कंपनीकडे अडकलेत त्यांनी थांबायचं, आणि तोवर कर्जाची नवी मांडणी करायची. बहुतेक वेळा जुनं मॅनेजमेंटच चालवत राहतं. युनायटेड, डेल्टा, अमेरिकन या तिन्ही मोठ्या विमान कंपन्या यातून गेल्यात आणि विमानं उडत होती. जनरल मोटर्स २००९ ला गेली आणि बाहेर आली. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ ला गेली ती मात्र परत आली नाही, सहाशे अब्ज डॉलरच्या वर मालमत्ता कागदावर असून.

आपल्याकडे दिवाळं वाजलं म्हणजे अब्रू गेली, माणूस गाव सोडतो. तिकडे तसं नाही, याचं कारण परत रेल्वे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्या भराभर बुडायच्या आणि रूळ उखडून विकले तर भंगाराची किंमत, चालू ठेवले तर काहीतरी वसूल होईल, म्हणून कोर्टांनी चालू ठेवून सावरायची पद्धत पाडली. आजचं स्वरूप १९७८ च्या कायद्यातलं. कामाचा मुद्दा, फाइल केलेल्या तारखेच्या आधीची बिलं आणि नंतरची बिलं वेगळी ठेवा, मिसळलीत तर तुमची खैर नाही.

सगळ्या कंपन्या डेलावेअरच्याच कशा? आणि इन्कॉर्पोरेटेड, एलएलसी यात फरक?

राहत नाहीत तिथे, फक्त नोंदणी. त्या राज्यातल्या विल्मिंग्टन शहरात नॉर्थ ऑरेंज स्ट्रीटवर एक एकमजली साधी इमारत आहे, तिच्या पत्त्यावर अडीच लाखांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या. आधी हा मान न्यू जर्सीचा होता, पण १९१३ मध्ये तिथले गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी कायदे कडक केले आणि मंडळी शेजारी पळाली, डेलावेअरने १८९९ पासूनच तसाच सोपा कायदा करून ठेवला होता. शिवाय तिथे कंपन्यांच्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट आहे, ज्युरी नाही, न्यायाधीश त्यातलेच जाणकार.

इन्क म्हणजे कॉर्पोरेशन, आपल्या लिमिटेडसारखं. एलएलसी म्हणजे आपली एलएलपी आणि कंपनी यांच्या मधलं काहीतरी, मालकाची जबाबदारी मर्यादित पण टॅक्स साधारणपणे थेट मालकाच्या रिटर्नमध्ये. पहिला कायदा वायोमिंगचा, १९७७.

पॉयझन पिल, व्हाइट नाइट, हे काय सिनेमे आहेत का?

१९८० च्या दशकातली भाषा आहे. कर्ज काढून मोठ्या कंपन्या गिळायचा हंगाम होता तो, कर्ज फेडायचं ते गिळलेल्या कंपनीच्याच कमाईतून, त्याला लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात. १९८८ ची आरजेआर नबिस्को, केकेआर नावाच्या गुंतवणूक फर्मने घेतली, सुमारे २५ अब्ज डॉलर, बिस्किटं आणि सिगारेटी एकाच कंपनीत. यापासून वाचायला मार्टिन लिप्टन या वकिलाने १९८२ ला पॉयझन पिल काढली, बाहेरच्याने ठराविक टक्क्यांवर शेअर्स घेतले की बाकी सगळ्यांना स्वस्तात शेअर्स मिळणार, म्हणजे त्याचा हिस्सा पातळ. एरीवाल्यांचंच पाणी, फक्त आता औषधाच्या बाटलीत. व्हाइट नाइट म्हणजे गिळू बघणाऱ्याऐवजी कंपनीने स्वतः पसंत केलेला खरेदीदार, नको त्या स्थळाऐवजी घरच्यांनी शोधलेलं बरं स्थळ.

पाँझी?

चार्ल्स पाँझी, बोस्टन, १९२०. ४५ दिवसांत ५० टक्के. टपालाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांवर नफा कमावतो म्हणायचा, प्रत्यक्षात नव्याचे पैसे जुन्याला. काही महिन्यांत संपलं. आपल्याकडे याला वेगवेगळी नावं आहेत, तुमच्याच नात्यात कुणीतरी त्यात पैसे घातलेले असणार.

तिकडे मार्च एंडिंग नसतं?

नसतं, आणि प्रत्येकाचं वेगळं! खूप कंपन्यांचं डिसेंबर, मायक्रोसॉफ्टचं जून, अॅपलचं सप्टेंबर, वॉलमार्टचं जानेवारी, कारण ख्रिसमसचा माल आणि परत आलेला माल मोजून झाल्यावर शांतपणे पुस्तकं मिटायची. सरकारचं ऑक्टोबरला सुरू होतं. म्हणून क्यू वन, म्हणजे वर्षाची पहिली तिमाही, म्हणाले की आधी कुणाचा क्यू वन ते विचारा.

ब्लॅक फ्रायडे म्हणजे तोट्यातून नफ्यात जायचा दिवस ना?

ही नंतर चिकटवलेली गोड गोष्ट. सेलवाला ब्लॅक फ्रायडे हा फिलाडेल्फियाच्या ट्रॅफिक पोलिसांचा वैतागलेला शब्द, थँक्सगिव्हिंगनंतरच्या गर्दीला दिलेला. आणि त्याच्याही आधीचा ब्लॅक फ्रायडे २४ सप्टेंबर १८६९ चा, जेव्हा गूल्ड आणि फिस्क, हो तेच दोघे, जर्सीच्या हॉटेलातले, यांनी बाजारातलं सोनं कोंडून धरायचा प्रयत्न केला आणि सरकारने स्वतःचं सोनं विकायला काढून भाव पाडला.

मिलियन-बिलियनचे लाख-कोटी कसे करायचे?

मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी किंवा आपला अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. जुनी ब्रिटिश डिक्शनरी घरात असेल तर त्यात बिलियन म्हणजे मिलियन वेळा मिलियन लिहिलेलं सापडेल, ब्रिटिश सरकारने १९७४ ला अमेरिकन पद्धत घेतली, त्यामुळे जुन्या पुस्तकातले आकडे जपून.

खरी भानगड एमची आहे. जुन्या धाटणीचे अमेरिकन अकाउंटंट आणि बँकवाले रोमन आकड्यावरून एक एम म्हणजे हजार धरतात, आणि दोन एम म्हणजे मिलियन. मी दुसऱ्याच महिन्यात एका क्लायंटच्या शीटमध्ये २५० च्या पुढे एम बघून २५ कोटी डॉलरची प्रोव्हिजन टाकली होती, खरी होती अडीच लाखाची. पहाटे साडेतीनला तिकडच्या बाईंचा फोन, त्या इतक्या हसत होत्या की मला दोन मिनिटं कळेना चूक झालीय की बढती मिळालीय. एन्ट्री उलटवून परत टाकेपर्यंत कँटीनचे पोहे आले होते.